नव्वद डॉलरची

गहाणाच्या दुकानातून नव्वद डॉलरला घेतली,
जानेवारीत, डुलूथचं बंदर गोठून दगड झालेलं.
रंग, कुणीतरी चघळून टाकलेल्या बबलगमचा.
दुकानदार म्हणाला, "आवाज येतो."
येतो म्हणजे,
डब्यात कोंडलेल्या माशीचा येतो तसा.

इर्मानं विणकामातून मान वर केली नाही.
"आता हिच्यावर किती?"
फार नाही, म्हटलं.

मग पिकअप मागवले. मग नॉब, वायर, स्विच.
ट्यूनर, कारण जुने एका गाण्यात दोनदा ढिले पडायचे.
नट हाडाचा, गाईच्या; करवतताना
दातांच्या डॉक्टरकडचा वास सुटला तळघरभर.
तांब्याची पट्टी आतून चिकटवायला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
इर्मानं हिशेब फ्रिजवर लावला, चुंबकाखाली,
एक शब्द न बोलता.

हिवाळाभर हीटर चालतो, लाकूड सुकतं, आक्रसतं.
धातू आक्रसत नाही.
फ्रेटची टोकं काठातून वर येतात
बाळाच्या हिरडीतून दात यावेत तशी,
आणि हात सरकला की ओरबाडतात.
एकवीस फ्रेट, बेचाळीस टोकं.
कानस घेऊन बसलो.
आधी तिरकी धार, मग नखाएवढी गोलाई,
मग डोळे मिटून अंगठा फिरवायचा, खाली, वर.
बत्तीस वर्षं पलीकडच्या गोदीत जहाजं सांधली मी.
तिथं चुकलं की पाणी आत येतं.
इथं चुकलं तर
थोडं रक्त, कापसाचा बोळा.

मार्चमध्ये मान सोडवली. चार स्क्रू,
त्यातला एक आधीच कुणीतरी घासून ठेवलेला.
खाली खोबणीत, जिथं रंग पोचत नाही,
पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.
चारशे सतरा, आणि शेजारी
मला न येणाऱ्या लिपीतली दोन अक्षरं.
घाईतली.
पण शेवटची रेघ मुद्दाम लांब ओढलेली.

मी स्टुलावर बसलो.

मीही लिहायचो.
जहाजाच्या पोटात, दोन पत्र्यांच्या मधे,
नंतर रंगारी सगळं बुजवणार अशा जागी, खडूनं:
नीमी. मंगळवार. पाठ दुखतेय.
अकरा जहाजांत तरी असेल.
कुणी वाचलं नसणार.
वाचायचं तर जहाज कापावं लागतं.

पुढे सगळंच बदललं.
बबलगम खरवडला, तर खाली
तीन तुकड्यांचं लाकूड निघालं, रेषेला रेष न जुळणारं,
लग्नात एका टेबलावर बसवलेले तीन भांडलेले भाऊ.
ते झाकलं नाही. तेल चोळलं, दोन हात.
मेहुणा आला, वेनो, त्याला सगळंच कळतं.
"खोबणी सपाट कर. मान घट्ट बसेल, सूर टिकेल."
बरोबरच होतं त्याचं.
पॉलिश पेपर हातात घेतलाही मी.
मग त्यानं डाख द्यायच्या इस्त्रीचं टोक साफ केलं
आणि वेनोला कॉफी दिली.

मान परत बसवण्याआधी
चारशे सतराच्या खाली, पेन्सिलीनंच:
नीमी. रविवार. पाठ बरी आहे.

अजून गुणगुणते, एवढं तांबं लावूनही.
मीटर लावून पाहिलं, दोष सापडत नाही.
तारांवर तळवा ठेवला की गप्प होते,
उचलला की सुरू.
दहादा ठेवला, दहादा उचलला.

मला वाजवता येत नाही, हे सांगायचं राहिलं.
तीन कॉर्ड येतात,
त्यातला तिसरा शोधावा लागतो.

आज सकाळी दूध काढायला गेलो
तर फ्रिजवरच्या हिशेबात, बेरजेच्या खाली,
इर्माच्या अक्षरात एक नवी ओळ:
शिकवणी.
पुढे आकडा नाही. जागा सोडलेली.